गोजोसरांच्या शाळेचं देणं

चित्रकलेच्या शिक्षिकेला ‘तुमचे गुरू कोण?’ असं विचारलं की समोरच्याला ठरावीक उत्तर हवं असतं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, नाहीतर कॉलेजात हाताला धरून रेघ शिकवणारे एखादे सर. ही माणसं माझ्याही यादीत आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलायची संधी मी कधी सोडलेली नाही. राहून गेलंय ते एक वेगळंच देणं. ते आहे ‘जुजुत्सु कायसेन’ नावाच्या जपानी ॲनिमे मालिकेचं, आणि ती मालिका माझ्या गळ्यात मारणाऱ्या एका विद्यार्थ्याचं. त्याचं नाव लिहायचं नाही, ही त्याचीच अट. मालिकेची अशी काही अट नाही, तेव्हा तिचं बरं आणि वाईट दोन्ही सांगणार आहे. ज्याचं देणं लागतो त्याचे दोष झाकून ठेवायचे, ही रीत मला पटत नाही.

मूळ कथा गेगे आकुतामी या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराची. २०१८च्या मार्चमध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ती मांगा, म्हणजे चित्रकथा, म्हणून सुरू झाली आणि २०२४च्या सप्टेंबरअखेर २७१व्या प्रकरणावर संपली. तिची ॲनिमे केली तोक्योच्या ‘मापा’ स्टुडिओने. २४ भागांचं पहिलं पर्व ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ या काळात आलं. माणसांच्या मनातला राग, भीती, पश्चात्ताप झिरपून साचत जातो, त्याचे शाप तयार होतात, आणि ते राक्षसांचं रूप घेऊन माणसांच्याच जिवावर उठतात, असा सगळा मामला. शाळा आणि इस्पितळं या दोन जागी हे शाप जास्त, कारण तिथल्या आठवणी माणसं जन्मभर उगाळत बसतात. शाळेत उभा जन्म गेलेल्या मला हे पटवून द्यायला दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नाही.

या शापांशी लढणाऱ्या मुलांची एक शाळा तोक्योच्या वेशीबाहेर डोंगरात आहे आणि दुसरी क्योतोत. तोक्योच्या शाळेत पहिल्या वर्षाला मुलं किती? तीन. आमच्याकडे एवढ्या पटावर शाळेला कुलूप लागलं असतं. त्यातला युजी इतादोरी सेंदाईचा साधा, अंगापिंडाने दणकट मुलगा. मित्रांचा जीव वाचवायला तो सुकुना या हजार वर्षांपूर्वीच्या महाभयंकर शापाचं बोट गिळतो. अशी बोटं एकूण २०. आता सुकुना युजीच्या अंगात, त्यामुळे युजीला मृत्युदंड. फक्त अंमलबजावणी पुढे ढकलायची: आधी वीसही बोटं पोटात जाऊ देत, मग मारा, म्हणजे सुकुनाही कायमचा संपेल. ही तडजोड घडवून आणतो तो शाळेचा शिक्षक, सातोरू गोजो. पांढरे केस, डोळ्यांवर पट्टी, सहा फुटांवर उंची, हातात सेंदाईची मिठाई.

हा गोजो मला आधी भेटला तो वहीच्या समासात. २०२०ला शाळा बंद पडल्या आणि चित्रकलेचा तास मोबाइलवर घ्यायचं ठरलं. माझा हात आणि कागद दोन्ही एकाच वेळी पोरांना दिसणार कसे, ही माझी अडचण. आमच्याच गल्लीत राहणारा हा नववीतला मुलगा आला, स्टुलाला दोन पट्ट्या बांधून मोबाइल अडकवायला घोडा करून दिला आणि जाताना वही विसरून गेला. वहीत भूमितीच्या प्रमेयांशेजारी पानापानावर एकच माणूस, डोळे बांधलेला.

“हे कोण रे?”

“गोजोसर, बाई. मास्तरच आहेत.”

“आणि हात कुठायत त्यांचे?”

“खिशात.”

चित्र शिकणाऱ्यांची ही जुनी युक्ती. हात जमत नाही, म्हणून माणसाला हात मागे बांधायला लावायचे नाहीतर खिशात घालायला लावायचे. मी त्याला म्हटलं, तुझ्या सरांचे हात काढून आण, मग बोलू. तो काही बोलला नाही.

आमचे अण्णा गेले ते २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत. मिरजेत इस्पितळांची वाण नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून लोक इथे उपचाराला येतात. त्या महिन्यात मात्र मिरजेच्या माणसाला मिरजेत खाट मिळणं कठीण झालं होतं. अण्णांना मिळाली. आत ते, बाहेर फाटकापाशी आम्ही. एका नर्सताईने स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला, त्यात अण्णांच्या चेहऱ्यापेक्षा नळ्याच जास्त दिसल्या. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला. त्यांचे उपकार आहेतच. पण ज्या माणसाने गावातल्या निम्म्या मयतींना खांदा दिला, त्याच्या मयतीला घरचं कुणी नव्हतं.

दिवस झाले, म्हणजे घरातल्या घरात जे काय करता आलं ते झालं, आणि एके संध्याकाळी हा मुलगा मास्क लावून फाटकाबाहेर उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. आपल्या दादाच्या खात्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणला होता. “बाई, पहिलाच भाग बघा. नाही आवडला तर सोडून द्या.” एवढंच. सांत्वनाचे शब्द त्याला येत नव्हते, आणि येणाऱ्यांचे ऐकून मी थकले होते.

पहिल्याच भागात युजीचे आजोबा इस्पितळात आहेत. तिरसट म्हातारा. नातू भेटायला आलाय याचा आनंद दाखवायचा नाही, उलट कशाला आलास म्हणून खेकसायचं. मग ते सांगतात: तू दांडगा आहेस, लोकांना मदत कर. मरशील तेव्हा चार माणसं भोवती असू देत, माझ्यासारखा मरू नकोस. एवढं बोलून कूस बदलतात. युजीला वाटतं झोप लागली असेल. हाक मारतो. मग उशाशी असलेलं नर्सला बोलवायचं बटण दाबतो, पलीकडून नेहमीच्या आवाजात काय हवंय अशी विचारणा होते, आणि तो सांगतो की आजोबा गेले. ना पार्श्वसंगीताचा कल्लोळ, ना किंचाळी. एका बटणाचं चित्र आणि एक वाक्य.

अण्णांच्या उशाशी असं बटण होतं की नाही, मला माहीत नाही.

मी भाग तिथेच थांबवला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा लावला. या मालिकेची सगळ्यात मोठी ताकद मला तिथे दिसली आणि ती पुढे टिकली. बाकीच्या लढायांच्या गोष्टींत नायकाला जग जिंकायचं असतं, सगळ्यात बलवान व्हायचं असतं. युजीला फक्त माणसांना धड मरण मिळावं असं वाटतं. मरण टळणार नाही हे त्याने मान्य केलंय, मागणं आहे ते मरायच्या रीतीबद्दल. पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे मागणं आणि जगभर माणसं एकेकटी मरत असलेलं ते वर्ष. आकुतामींनी हे २०१८लाच लिहून ठेवलं होतं, तेव्हा साथीशी त्याचा संबंध नाही. पण बघणाऱ्याने तो लावला तर त्याचा हात कोण धरणार?

मग रोज रात्री साडेनऊला फोन येऊ लागला. “बाई, कितवा भाग झाला?” कशा आहात, जेवलात का, काही नाही. थेट भागाचा आकडा. मला उत्तर देता यावं म्हणून भाग बघावा लागायचा, आणि भाग बघायचा म्हणून अंथरुणातून उठावं लागायचं. त्याने हे ठरवून केलं असं मला वाटत नाही. नववी-दहावीच्या मुलाला आपली आवड कुणाच्या तरी डोक्यात भरायची हौसच दांडगी असते. पण माझं त्या महिन्यांतलं दिवसाचं वेळापत्रक त्या फोनवर उभं होतं, हे खरं आहे.

सहावा भाग झाला त्या रात्री तो फोनवर खूप हसत होता. त्यात गोजो युजीला तळघरात बसवतो आणि शिकवणी म्हणून सिनेमे बघायला लावतो. मांडीवर एक बाहुला. भीतीच्या, रडवणाऱ्या, हसवणाऱ्या प्रसंगांतही युजीने मनातली शक्ती एकसारखी सांभाळायची, जरा इकडेतिकडे झाली की बाहुला जागा होऊन थोबाडीत देणार. “बाई, आपलं पण तेच चाललंय,” तो म्हणाला. मला पटलं. भावना दाबायची नाही, पण तिच्या हातात सगळा कारभारही द्यायचा नाही, हे शिकवायची इतकी सोपी आणि इतकी गमतीची पद्धत मी कुठल्या बी.एड.च्या पुस्तकात वाचलेली नाही.

आता हातांचं. या गोष्टीत मोठी विद्या वापरायची तर हाताची मुद्रा करावी लागते. गोजोची मुद्रा इंद्राची, सुकुनाची यमाची. आपल्याकडचे हे देव बौद्ध पंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेले, तिथे त्यांची ताइशाकुतेन आणि एन्मा अशी नावं झाली, आणि आता ते या मुलांच्या बोटांतून मिरजेला परत आले. म्हणजे ज्या गोजोचे हात माझ्या विद्यार्थ्याने खिशात लपवले होते, त्याची सगळी करामत हातांतच. हे कळल्यावर मी त्याला सोडला नाही. शाळा सुरू झाल्यावर तो घरी येऊ लागला तेव्हा आम्ही कळ दाबत दाबत चित्रं एकेक करून पुढे सरकवायचो. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांत अडकवताना पेरं कुठे दुमडतं, नखाची कड किती दिसते, अंगठा कुठे जातो. त्याने वह्याच्या वह्या भरल्या.

आणि यात शिकले मीच. आयुष्यभर मी स्थिर चित्र शिकवलं. फडक्यावर ठेवलेला लोटा, दोन लिंबं, एक केळं. हलत्या चित्राचा हिशेब वेगळा असतो हे मला त्याने दाखवलं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण चित्रं तेवढी काढत नाहीत. एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन चौकटी धरून ठेवतात, आणि ठोसा बसायच्या क्षणी हा ताल बदलतात. थांबवून पाहिलं तर मधल्या एखाद्या चित्रात हात कोपरापासून रबरासारखा ताणलेला, चेहरा पुसटलेला, बोटं सात-आठ. परीक्षेला आलेलं असं चित्र मी नापास केलं असतं. चालू करून पाहिलं की तोच हात खरा वाटतो.

यातला माझा आवडता नमुना दुसऱ्या पर्वात आहे. तोक्योतल्या शिबुया स्टेशनात युजी आणि शत्रुपक्षातला चोसो यांची गाठ पडते. चोसो स्वतःच्या रक्ताची बाणासारखी धार सोडतो. मोकळ्या जागेत युजीचा निभाव लागणं शक्य नाही, म्हणून तो लढाई स्टेशनच्या स्वच्छतागृहात ओढून नेतो आणि पाण्याचे नळ फोडतो. पाण्यात रक्त विरघळतं, चोसोची विद्या निकामी होते. मग त्या चिंचोळ्या जागेत फरशा फुटताहेत, पाणी उडतंय, आणि दोघं गल्लीतल्या पोरांसारखे एकमेकांना बडवताहेत. जादू संपली की अंगाला वजन येतं, पाय घसरतो, धाप लागते. ते वजन रेघेतून दाखवणं ही या चित्रकारांची कमाल. लढाया नको असतात त्यांनीही हा प्रसंग निव्वळ चित्रकला म्हणून पाहावा.

शिक्षिका म्हणून मात्र गोजोसरांशी माझं भांडण आहे. माझा विद्यार्थी त्यांचा भक्त, त्यामुळे हे भांडण बरीच वर्षं चाललंय. गोजोची भूमिका मला शंभर टक्के मान्य. त्यांच्या जगातले वरचे म्हातारे सत्ताधारी नासलेले आहेत, त्यांना मारून टाकणं त्याला एका दिवसात जमेल, पण त्याने काही बदलणार नाही. त्यापेक्षा चांगली मुलं घडवायची, म्हणून तो मास्तर झाला. वा! पण घडवतो कधी? तास घेताना तो क्वचितच दिसतो. युजी मेला असं त्याच्या वर्गमित्रांना वाटत असतं, तो जिवंत आहे हे गोजोला ठाऊक असतं, आणि हा गृहस्थ मुलांचा शोक तसाच चालू देऊन शेवटी युजीला पेटीत घालून, ढकलगाडीवरून आणून, गंमत म्हणून बाहेर काढतो. लपवायला कारण होतं, कबूल. गमतीला नव्हतं. माझ्या शाळेत कुणी असं केलं असतं तर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले असते.

खरा शिक्षक त्या गोष्टीत दुसराच आहे, केन्तो नानामी. हा शाळेचा माजी विद्यार्थी, मधे शेअरबाजाराच्या कंपनीत नोकरी करून कंटाळून परत आलेला. सूट, टाय, डोक्यात घड्याळ. ठरल्या वेळेपलीकडे काम करायला त्याचा ठाम विरोध. युजीला तो पहिल्यापासून सांगतो की मी तुला बरोबरीचा मानत नाही, तू अजून मूल आहेस, आणि मूल असणं हा गुन्हा नव्हे. धोका आला की पुढे मी, मागे तू. मुलांवर जग वाचवायची जबाबदारी टाकणाऱ्या गोष्टींचा सगळीकडे सुकाळ आहे. त्या गर्दीत, ही जबाबदारी तुझी नाही असं मुलाला ठणकावून सांगणारा मोठा माणूस उभा करणं, हे मला आकुतामींचं सगळ्यात मोठं काम वाटतं. पुढे शिबुयात नानामी मरतो. मरताना त्याच्या मनात मलेशियाचा समुद्रकिनारा आहे. निवृत्तीनंतर तिथे निवांत राहायचं, पुस्तकं वाचायची, एवढं त्याचं स्वप्न. आणि तोच माणूस जाता जाता पुढचं युजीवर सोपवतो. ज्याने पोराच्या खांद्यावर ओझं येऊ दिलं नाही, त्याचाच शेवटचा शब्द ओझं होतो. आजोबांचंही तेच झालं होतं. मरणाऱ्याचं मागणं जगणाऱ्याला चिकटून बसतं, हे मालिका दोनदा सांगते आणि दोन्ही वेळा खरं सांगते.

आता उणी बाजू. पहिलं म्हणजे, शाळेची गोष्ट म्हणून सुरू झालेली ही कथा शाळा फार लवकर सोडून देते. तोक्यो आणि क्योतोच्या शाळांची स्पर्धा भरते, त्यात दुसऱ्या दिवशी सगळे चक्क बेसबॉल खेळतात. तो भाग मी अनेकदा पाहिलाय. रुसवे, टोमणे, चुकलेले झेल, एकमेकांची उणीदुणी. मुलं मुलांसारखी वागतात आणि म्हणून त्यांच्या जिवाची काळजी वाटते. असे दिवस आणखी हवे होते. जुन्पेई हा वर्गातल्या मुलांनी छळलेला मुलगा, त्याची आणि युजीची सिनेमांवरून मैत्री जमते न जमते तोच तो मरतो. हे दुःख खोल जातं, कारण त्याला चार भागांची उसंत मिळाली होती. शिबुयापासून पुढे मरणं इतकी लागोपाठ येतात की शोक करायला कुणाला वेळच नाही. धड मरणाबद्दलची गोष्ट, आणि तिच्यातल्याच मेलेल्यांचं सुतक पाळायला सवड नाही!

दुसरं, नियमांचं जंजाळ. लढता लढता पात्रं आपापल्या विद्येचं स्पष्टीकरण देत बसतात. त्यासाठी लेखकाने तोडही काढलीय: आपलं गुपित शत्रूला सांगितलं की विद्येची धार वाढते. सुरुवातीला ही चलाखी आवडते. पण शिबुयानंतरच्या ‘मृत्यूच्या खेळा’त गुण, वसाहती, पोटनियम, अपवाद अशी भर पडत जाते की शिक्षण खात्याची परिपत्रकं त्यापुढे सुटसुटीत वाटावीत. माझ्या विद्यार्थ्याने मला ते नियम तक्ता काढून समजावले. मला ते अजूनही येत नाहीत आणि त्यावाचून काही अडलं नाही.

तिसऱ्या गोष्टीचा राग जास्त आहे. नोबारा कुगिसाकी ही वर्गातली तिसरी. खेड्यातून तोक्योत राहायला मिळावं म्हणून आलेली, हातोडी, खिळे आणि गवताची बाहुली घेऊन लढणारी. मुलींनी कसं असावं यावर क्योतोची एक मुलगी तिला सुनावते तेव्हा ती जे उत्तर देते, ते मी माझ्या वर्गातल्या मुलींना मुद्दाम सांगायचे. तिला मजा करायची आहे, मिरवायचं आहे आणि लढायचंही आहे, त्यात तिला कसलाही विरोध दिसत नाही. अशी मुलगी शिबुयात चेहऱ्यावर घाव घेऊन कोसळते, आणि मांगात तिचं पुढे काय झालं ते कळायला वाचकाला जवळपास चार वर्षं थांबावं लागलं. परत आली ती अगदी शेवटाला, कामापुरती. त्याच शाळेतल्या वरच्या वर्गातल्या माकीला नंतर बरा न्याय मिळाला, हे मान्य. पण तीन मुलांच्या वर्गातलं एक बाक इतकी वर्षं रिकामं ठेवायचं आणि कुणी हजेरीसुद्धा घ्यायची नाही, हे शाळेत चालत नाही.

आणि एक खटकणारी गोष्ट पडद्याबाहेरची. दुसरं पर्व २०२३च्या जुलै ते डिसेंबरात आलं. त्यातले पहिले पाच भाग, २००६ सालातले तरुण गोजो आणि गेतो यांचे, म्हणजे उन्हाळ्याच्या उजेडाचा अभ्यास आहेत. दिग्दर्शक शोता गोशोझोनो यांनी त्या उजेडात दोन जिवलग मित्र एकमेकांपासून तुटताना दाखवलेत, भांडण न होता, आवाज न चढवता. पण तेच पर्व चालू असताना, नोव्हेंबरमध्ये, काम करणाऱ्या काही ॲनिमेटरांनी पुरेसा वेळ मिळत नसल्याची खंत उघडपणे मांडली. जादा कामाला ठाम नकार देणारा नानामी ज्यांनी काढला, त्यांच्याच वाट्याला जादा काम. मी ज्या हातांमुळे हात बघायला शिकले, ते हे हात. त्यांचं देणं मालिकेच्या देण्यापेक्षा मोठं आहे, आणि ते फेडायचं कसं याचा पत्ता मला नाही. भागाच्या शेवटी त्यांची नावं जपानी लिपीत भराभर सरकून जातात.

माझा विद्यार्थी आता पुण्यात ॲनिमेशन शिकतो. त्या धंद्यात किती राबावं लागतं हे ठाऊक असून गेला. जायच्या आदल्या दिवशी मी त्याला नानामीचं तत्त्व सुनावलं: वेळ झाली की पेन्सिल खाली. “बाई, नानामीपण शेवटी जादा काम करतोच,” म्हणाला. अण्णांच्या वर्षश्राद्धाला तो आला होता. पंगतीत वाढप केलं, चार माणसांत मिसळला, अण्णांच्या फोटोला नमस्कार करून गेला. त्या वर्षाबद्दल तो कधी बोलला नाही, मीही काढलं नाही. त्याच्या आईला मात्र मी सांगितलं, की तुमच्या मुलाने मला त्या उन्हाळ्यात उभं ठेवलं. तिला वाटलं मी मोबाइलच्या घोड्याबद्दल बोलतेय.

कुणी विचारलं तर माझं मत असं: पहिलं पर्व आणि दुसऱ्या पर्वाचे पहिले पाच भाग अव्वल. शिबुयाच्या भागांत चित्रकला थोर आहे, गोष्ट मात्र दमते. त्यापुढचं हौस असेल तर बघा. रक्तपात फार आहे, तेव्हा लहान मुलांना दाखवू नका आणि मोठी मुलं बघत असतील तर अधूनमधून शेजारी जाऊन बसा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर पहिला भाग एकट्याने बघू नका.